कॅमेरा दुकानातून घ्यायचा की ऑनलाइन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळी आली, लगीनसराई तोंडावर आली, की हेच प्रश्न नव्याने येतात. विचारणारे दोन प्रकारचे असतात : पहिलाच कॅमेरा घेणारे आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणारे. दोघांचं उत्तर जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा ना, दुकान की ऑनलाइन?

तीन गोष्टी बघा : बिल तुमच्या नावाचं आहे का, त्यावर बॉडीचा (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याचा) आणि लेन्सचा सिरीयल नंबर आहे का, आणि कंपनीची भारतातली वॉरंटी आहे का. तिन्ही असतील तर जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. यातली एक जरी नसेल तर वीस हजारांनी स्वस्त मिळाला तरी तो व्यवहार मी करणार नाही. बिनबिलाचा माल मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात मिळतो, दिल्लीच्या कुचा चौधरीत मिळतो आणि मोबाइलवर बोट फिरवूनही मिळतो. पक्का मालही या सगळीकडे मिळतो.

तोच कॅमेरा ऑनलाइन इतका स्वस्त कसा काय?

कधी कारण सरळ असतं. मोठा विक्रेता माल जास्त उचलतो, त्याला काउंटर आणि फोर्टातलं भाडं नसतं, आणि वर बँकेच्या कार्डाची सवलत असते. ती सवलत तुमच्याकडे ते कार्ड असेल तरच खरी, म्हणून तुलना करताना शेवटच्या पानावरचा, प्रत्यक्ष भरायचा आकडाच धरा.

कधी किट फोडलेली असते. कंपनी बॉडी आणि १८-५५ लेन्स एकाच खोक्यात देते. विक्रेता दोन्ही वेगळं करतो, बॉडी एकाला आणि लेन्स दुसऱ्याला विकतो. अशी लेन्स पांढऱ्या साध्या खोक्यात येते, म्हणून बाजारात तिला ‘व्हाइट बॉक्स’ म्हणतात. लेन्स अस्सलच असते, पण वॉरंटीचा कागद मूळ किटच्या बिलाशी बांधलेला असल्यामुळे पुढे सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर वाद होतो.

आणि कधी करच भरलेला नसतो. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १ जानेवारी २०१९ पर्यंत तो २८ टक्के होता. १ लाखाच्या बिलात कराचा वाटा सुमारे १५,२५० रुपये असतो. दुकानदार ‘बिल के साथ या बिना?’ विचारतो आणि किमतीत बारा-पंधरा हजारांचा फरक सांगतो, तेव्हा तो तुम्हाला सूट देत नसतो. सरकारचे पैसे दोघांत वाटून घेतले जात असतात, आणि पकडलं गेल्यावर किंवा कॅमेरा बिघडल्यावर तुमच्या हातात कागद नसतो.

‘ग्रे’ माल म्हणजे डुप्लिकेट का?

नाही. ग्रे माल अस्सल असतो, त्याच कारखान्यात बनलेला असतो. फक्त तो कंपनीच्या भारतीय शाखेला वगळून, दुबई-हाँगकाँग-सिंगापूरच्या वाटेने आलेला असतो. त्यामुळे इथली कंपनी त्याची वॉरंटी घेत नाही. पैसे भरूनही काम करायचं की नाही, हे त्या-त्या कंपनीच्या धोरणावर असतं; ते आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

ओळखायची सोपी खूण खोक्यावर असते. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा पत्ता छापणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी बंधनकारक आहे. हे स्टिकर नसेल, किंवा त्यावर आयातदार म्हणून कॅमेरा कंपनीच्या भारतीय शाखेऐवजी भलतंच नाव असेल, तर माल ग्रे समजा. लेन्स आणि फ्लॅश बनवणाऱ्या काही कंपन्यांचे इथे अधिकृत वितरक असतात. तिथे त्या वितरकाचं नाव असणं बरोबर आहे.

एक गंमत सांगून ठेवतो. जपानच्या स्थानिक बाजारासाठी विकल्या जाणाऱ्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला असा कॅमेरा चालतो झकास, पण सेटिंग बदलायला दरवेळी मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप उघडावं लागतं.

दुकानदार म्हणतो, ‘वॉरंटीची काळजी करू नका, आमची वॉरंटी आहे.’ चालेल?

‘दुकानाची वॉरंटी’ किंवा ‘सेलर वॉरंटी’ हे शब्द ऐकले की सावध व्हा. त्याचा अर्थ इतकाच की बिघडलं तर तो त्याच्या ओळखीच्या कारागिराकडे नेईल. बोरा बाजारातले काही कारागीर फार तयारीचे आहेत. पण सेन्सर बदलायची वेळ आली तर सुटा भाग त्यांनाही कंपनीकडूनच हवा असतो. लिहून मागा : किती महिने, काय-काय धरलं आहे, दुरुस्ती होईपर्यंत दुसरी बॉडी देणार का. लिहून द्यायला तयार नसेल तर वॉरंटी नाही असं समजून किंमत ठरवा.

कंपनीची वॉरंटी असली तरी पडणं, पाणी, वाळू आणि बुरशी यांना ती बहुधा लागू नसते. घेतल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी लगेच करा. काही कंपन्या नोंदणी केल्यावर वॉरंटीचा काळ वाढवून देतात, पण त्याला मुदत असते.

मोठ्या संकेतस्थळावरून घेतलं म्हणजे माल पक्काच ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक गाफील राहतात. परदेशी गुंतवणूक असलेल्या मोठ्या ऑनलाइन बाजारांना आपल्याकडच्या नियमांनुसार स्वतःचा साठा करून विकता येत नाही. ते फक्त बाजार चालवतात. विकणारा वेगळा असतो. एकाच कॅमेऱ्याच्या पानावर पाच विक्रेते असतात, आणि किंमत सगळ्यात कमी ज्याची, तो कोण हे कुणी उघडून बघत नाही.

ते नाव उघडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक दिसला पाहिजे. मग कॅमेरा कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी आहे का बघा आणि हे नाव त्यात शोधा. नाव सापडत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लाखाचा व्यवहार आहे.

दुकानात हाताळायचा आणि ऑनलाइन घ्यायचा, हे बरं दिसतं का?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दुकानात जाऊन पकड बघितली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, दोन प्रश्न विचारले, यात काही गैर नाही. त्यासाठीच काउंटर असतो. पण तीन बॉड्या काढायला लावायच्या, प्रत्येकीवर सत्तर-दोनशेची मोठी लेन्स चढवून तासभर बघायचं, स्वतःच्या कार्डावर फोटो काढून घ्यायचे, आणि जिना उतरता-उतरता मोबाइलवर ऑर्डर टाकायची, हे मला पटत नाही. तो तास त्या माणसाने विकलेला असतो, फुकट वाटलेला नसतो.

ऑनलाइनच घ्यायचं मनात पक्कं असेल तर सरळ एक दिवस तो कॅमेरा भाड्याने घ्या. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे भाड्याने मिळतो. काउंटरच्या ट्यूबलाइटखाली जे कळत नाही ते एका हळदीच्या कार्यक्रमात कळतं : बॅटरी किती टिकते, अंधाऱ्या हॉलमध्ये फोकस किती शोधतो, मनगट कधी दुखायला लागतं.

आणि काम करणाऱ्यांनो, दुकानाची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही. शनिवारी सकाळी मुहूर्त, शुक्रवारी रात्री आठला फ्लॅशचा ट्रिगर मेला. तेव्हा शटर अर्धं खाली ओढलेलं असतानाही ‘या, पैसे नंतर द्या’ म्हणणारा दुकानदार हवा असतो. अशी ओळख एका दिवसात होत नाही. बॉडी ऑनलाइन घेतली तरी लाइटस्टँड, सॉफ्टबॉक्स, सेल, बॅकड्रॉप ही रोजची खरेदी एका दुकानात ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

ऑनलाइनची किंमत दाखवून दुकानात घासाघीस करावी का?

जरूर करा, पण तुलना सारखी असू द्या. तेच मॉडेल, तीच किट, पक्कं बिल, भारतातली वॉरंटी. ग्रे मालाची किंमत दाखवून अधिकृत डीलरशी भांडलात तर तो हसेल. नव्या बॉडीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही, त्यामुळे रोख सूट थोडीच मिळते. तो सोडतो ते बाजूच्या सामानात.

मात्र ‘फुकट’ किट घेऊ नका. तकलादू ट्रायपॉड, पातळ बॅग, क्लीनिंग किट आणि लेन्सवर लावायचा यूव्ही फिल्टर, यांची किंमत कुठेतरी जोडलेली असतेच. त्याऐवजी म्हणा, ‘हे सगळं राहू द्या, कंपनीची एक जादा बॅटरी द्या.’ बहुतेक वेळा जमतं. कार्ड वापरलं तर दोन टक्के वर लावणार का, हेही भाव ठरण्याआधी विचारा; बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही. एमआरपीच्या वर मात्र कुणालाही घेता येत नाही.

आमच्या तालुक्याला कॅमेऱ्याचं दुकानच नाही.

मग ऑनलाइन घ्या, संकोच नको. फक्त आधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. कुडाळ किंवा किनवटच्या माणसाला सर्व्हिस सेंटर आठ तासांवर असेल, तर बिघडल्यावर कुरिअरने पाठवायची सोय कंपनी देते का, हा प्रश्न दोन मॉडेलांतल्या बारीक फरकापेक्षा मोठा आहे. दुसरा मार्ग : जिल्ह्याच्या ठिकाणचे किंवा मुंबई-पुण्याचे अधिकृत डीलर फोनवर ऑर्डर घेऊन विमा उतरवलेल्या कुरिअरने पाठवतात. भाव ऑनलाइनइतकाच पडतो आणि अडचण आली की बोलायला माणूस मिळतो.

पार्सल आल्यावर काय करायचं?

खोकं उघडण्याआधीपासून सलग, न कापता व्हिडिओ घ्या. पत्त्याची चिठ्ठी, सील, मग आतला सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, हे सगळं त्यात दिसू द्या. डिलिव्हरी देणाऱ्यासमोर उघडायची सोय असेल तर तीच निवडा. खोक्यात साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

पहिल्या दोन दिवसांत कॅमेरा नीट तपासा. लेन्सवर झाकण ठेवून, जास्त आयएसओवर (प्रकाशाची संवेदनशीलता वाढवून) फोटो काढून काळ्यावर चमकणारे सदोष पिक्सेल शोधा. निरभ्र आकाशाचा फोटो एफ १६ वर (लेन्सचं छिद्र लहान करून) काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातला पावसाळा गोदामात काढलेल्या जुन्या साठ्याला ती लागू शकते, मग ते गोदाम ऑनलाइनवाल्याचं असो की दुकानाचा पोटमाळा. दुकानात घेताना हेच सगळं काउंटरवर उभं राहून करा, लाजू नका.

सदोष निघाला तर परत घेतील का? बिलावर तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलंय.

छापू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही त्याच यादीत आहे. लक्षात ठेवा, हे सदोष मालाबद्दल आहे. ‘रंग आवडला नाही’ किंवा ‘दुसरीकडे स्वस्त मिळाला’ याला कायदा नाही, तिथे विक्रेत्याचं धोरण चालतं.

ऑनलाइनवर कॅमेऱ्यांसाठी पुष्कळदा पैसे परत नसतात, फक्त बदलून देणं असतं, आणि तेही थोड्या दिवसांत. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून कॅमेरा आल्यापासूनच बिघडलेला होता असं पत्र मागतात. त्याला डीओए म्हणतात. ते पत्र मिळवण्यात मुदत संपते. म्हणून कॅमेरा मुहूर्तासाठी कपाटात ठेवू नका, आल्या दिवशी वापरायला घ्या. पूजा नंतरही करता येते.

मी लग्नाची कामं करतो, जीएसटी नोंदणी आहे. माझ्यासाठी काय वेगळं?

पुष्कळ वेगळं. तुमच्या जीएसटी क्रमांकाचं करबिल मिळालं तर धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो. बिनबिलाचा कॅमेरा पंधरा हजारांनी स्वस्त असला तरी ती बचत तुम्हाला कायदेशीर मार्गाने आधीच मिळत होती. ऑनलाइन घेताना व्यवसायाचं खातं वापरून जीएसटी क्रमांक ऑर्डर करण्यापूर्वीच टाका. विक्रेता कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांची ठोक दराने कर भरायची सोय) असेल तर क्रेडिट मिळत नाही. आणि बिल हातात आलं म्हणजे झालं असं नाही. विक्रेत्याने रिटर्न भरून ते तुमच्या २-बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात) दिसलं पाहिजे. इथे ओळखीचं दुकान बरं पडतं, कारण न दिसल्यास जाऊन मागे लागता येतं.

रोखीचा मोह टाळा. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. त्याहून लहान आकडाही बघा : धंद्याच्या मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर तो खर्च घसाऱ्यासाठी किमतीत धरला जात नाही. सीएला विचारून बघा.

मेमरी कार्ड आणि बॅटरी तरी ऑनलाइन स्वस्तातल्या घेऊ?

डुप्लिकेट मालाचा खरा बाजार इथेच आहे. बॉडीची नक्कल करणं अवघड, कार्डावर छापील अक्षरं उमटवणं सोपं. २५६ जीबी लिहिलेल्या कार्डात प्रत्यक्ष ३२ जीबी असतात. पुढचे फोटो साठवल्यासारखे दिसतात आणि उघडत नाहीत. तेही वरमाला झाल्यावर कळतं. नवं कार्ड, दुकानातून घेतलेलं असो की ऑनलाइन, कामावर नेण्याआधी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मॅकवर ‘एफ३’ या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. कार्डावरचं व्ही३०, व्ही६०, व्ही९० म्हणजे सेकंदाला सलग किमान तितके मेगाबाइट लिहायची हमी. फोर-के व्हिडिओ करणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत कोणतं लागतं ते बघून घ्यावं. बॅटरीवर दोन-तीनशे वाचवू नका.

अमेरिकेतला मामा डिसेंबरात येतोय. त्याच्याकडून मागवू?

तिथे लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो राज्याप्रमाणे वर लागतो. इथे उतरल्यावर करमुक्त सामानाच्या मर्यादेच्या वरच्या किमतीवर सीमाशुल्क. विमानतळावर लाल मार्गिकेतून (शुल्क लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेतून) जाऊन ते भरायची मामाची तयारी आहे का, ते आधी विचारा. शिवाय बॉडीची वॉरंटी बहुधा त्याच देशापुरती. हे सगळं मिळवल्यावर फरक उरला तर लेन्ससाठी विचार करा, तिच्यात बिघडण्यासारखं कमी असतं. बॉडीसाठी मी नाही म्हणेन.

आणि ड्रोन?

नको. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच अपवाद आहे. मामाची बॅग विमानतळावर अडेल.

जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींपेक्षा दुकान मला जास्त पसंत आहे, कारण परत जायला जागा असते. मूळ बिल मागा; चोरीचा कॅमेरा त्यानेच टळतो. शटर किती वेळा चाललंय ते बघा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, वेगळ्या प्रोग्रॅमने काढावा लागतो. कॅनन ५डी मार्क ४ चं शटर १.५ लाख आणि निकॉन डी८५० चं २ लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. लग्नात चाललेली बॉडी हे आकडे चटकन गाठते.

जाहिरातीवरून घेत असाल तर समोरासमोर भेटा. ‘मी फौजी आहे, बदली झाली, आधी पैसे टाका, कुरिअर करतो’ हा जुना फसवणुकीचा प्रकार अजून चालू आहे. विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं : पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

इन्स्टाग्रामवर दीड लाखाचा कॅमेरा चाळीस हजारांत दिसतोय…

तो कॅमेरा नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

सगळं करूनही फसलो. तक्रार कुठे?

आधी विक्रेत्याला आणि ऑनलाइन असेल तर त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणं बंधनकारक आहे. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग : वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, आणि विक्रेता दिल्लीत असला तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत २ वर्षं. स्वतःच्या धंद्यासाठी, पोटापाण्यासाठी कॅमेरा वापरणारा एकटा फोटोग्राफरही या कायद्याने ग्राहक ठरतो. मोठ्या स्टुडिओचं मात्र वेगळं होऊ शकतं. सोबत बिल, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि पत्रव्यवहार जोडा. बिल नसेल तर हेल्पलाइनवरचा पहिलाच प्रश्न तुम्हाला अडवेल.